ब्रेडच्या दोरीला गोड्या पाण्यात लीडर लावावा का?

नीराकाठ

नमस्कार. मी नीरा नदीत आणि वीर धरणाच्या फुगवट्यात गळाने मासेमारी करतो. आजवर ०.३५ मिमी जाडीचा नायलॉनचा तंगूस वापरत आलो. यंदा सात फुटी मध्यम ताकदीच्या रॉडवर ३००० आकाराचे स्पिनिंग रीळ लावून त्यात २० पौंडी चार पदरी ब्रेड, म्हणजे बारीक तंतूंची विणलेली दोरी, भरली आहे. फेक लांब जाते आणि माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी हाताला कळते, त्यामुळे तंगुसाकडे परत वळण्याची इच्छा नाही. मात्र धरणाच्या खालच्या अंगाला, जेथे पात्रातला कातळ उघडा पडला आहे, तेथे ही दोरी वारंवार तुटते, आणि तीही माशाने फारसा जोर केलेला नसताना. तुटण्याची जागा लूअरपासून (कृत्रिम आमिषापासून) हात-दीड हात वर असते आणि तुटलेले टोक पदर सुटून कुंचल्यासारखे पिंजारलेले असते.

यावर मला तीन सल्ले मिळाले असून त्यांतला कोणताही दुसऱ्याशी जुळत नाही. दुकानदार म्हणतात की गळाच्या वर स्टीलची तार लावा. आमच्याकडचे एक ज्येष्ठ मासेमार म्हणतात की मधे काहीही न घालता ब्रेड थेट बांधा, कारण जितक्या गाठी तितक्या तुटण्याच्या जागा. परदेशी चित्रफितींत मात्र सर्रास फ्लुरोकार्बन या प्लॅस्टिकचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला वेगळ्या दोरीचा तुकडा, दिसतो, आणि त्याची किंमत तेवढ्याच तंगुसाच्या कितीतरी पट आहे. मला प्रामुख्याने मरळ आणि शिवडा मिळतात, कधी शिंगाळा. अशा पाण्यात लीडरची खरोखर गरज आहे का, माशाला दोरी दिसते म्हणून तो लावायचा की अन्य कारणासाठी, आणि लावायचा झाल्यास त्याची लांबी किती असावी, हे जाणकारांनी सांगावे. जोडाची गाठ रॉडच्या कड्यांत अडकते, त्यावरही काही उपाय असल्यास कृपया लिहावा.

काळाकातळ

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पिंजारलेल्या टोकानेच दिले आहे. दोरी तुटली की पहिल्यांदा टोक पाहावे. ते पिंजारलेले असेल तर दोरी घासून गेली, टोकाला कुरळे वेटोळे पडले असेल तर गाठ सरकून सुटली, आणि टोक स्वच्छ कापलेले असेल तर धारदार कड किंवा दात लागला, असे साधारणपणे समजावे. आपली दोरी कातळावर घासून तुटते आहे. तेव्हा प्रश्न दोरीच्या ताकदीचा नाही आणि ३० पौंडी ब्रेड भरल्याने तो सुटणारही नाही.

असे का होते, ते ब्रेडच्या घडणीवरून कळते. ती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या अतिशय बारीक तंतूंपासून विणलेली असते. हे तंतू ताणाला विलक्षण चिवट आहेत, म्हणून साधारण ०.२३ मिमी जाडीची ब्रेड २० पौंड, म्हणजे सुमारे नऊ किलो, ताण सोसते; तेवढ्यासाठी तंगूस ०.४० ते ०.४५ मिमी जाडीचा घ्यावा लागतो. पण सारा भार त्या बारीक तंतूंवरच असल्याने ताणलेली ब्रेड दगडाच्या कडेवरून ओढली गेली की एकेक तंतू तुटत जातो आणि उरलेल्यांवरचा ताण वाढत जातो. तंगूस हा एकसंध धागा आहे. त्याच्यावर ओरखडा उठतो, तो खरखरीत होतो, परंतु त्याच घासणीला पुष्कळ वेळ तग धरतो. दख्खनच्या नद्यांचे पात्र म्हणजे बसाल्टचा कातळ, त्यात पाण्याने कोरलेले रांजणखळगे, आणि फुटलेल्या कातळाच्या कडा. वाळूच्या किंवा चिखलाच्या तळावर जी ब्रेड वर्षभर चालेल ती येथे एका सकाळीत निकामी होऊ शकते.

त्यामुळे माझ्या मते आपल्याकडे लीडर लावण्याचे पहिले कारण घासणी हेच आहे. मासा दोरी पाहून बिचकतो, हे कारण त्याच्या बरेच मागे येते. फ्लुरोकार्बनची जाहिरात 'अदृश्य दोरी' अशी केली जाते. त्यात तथ्य एवढेच की त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे माप, १.४२ आहे, पाण्याचा १.३३, आणि नायलॉनचा दीडच्या थोडा वर. म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्याला अधिक जवळचे आहे, पण पाण्याइतके नाही. नीरेच्या किंवा भीमेच्या गढूळ, हिरवट पाण्यात, जेथे हातभर खालचा लूअर आपल्यालाच दिसत नाही, तेथे हा फरक पैसे मोजण्याजोगा नाही. हिवाळ्यात मुळशी किंवा भंडारदरा येथील निवळ पाण्यात, लहान लूअर हळू ओढताना, त्याचा विचार जरूर करावा.

फ्लुरोकार्बनचे खरे गुण निराळे आहेत. ते पाणी शोषत नाही, तर नायलॉन शोषते आणि भिजल्यावर थोडे मऊ व अशक्त होते. घनतेचाही फरक आहे. ब्रेडची घनता सुमारे ०.९७ असल्याने ती तरंगते, नायलॉन १.१४ मुळे अगदी सावकाश बुडते आणि फ्लुरोकार्बन १.७८ मुळे लवकर बुडते. तळालगत ओढायच्या सॉफ्ट प्लॅस्टिकच्या लूअरला फ्लुरोकार्बन सोयीचे आहे, पण पृष्ठभागावर चालणाऱ्या पॉपरच्या पुढे तेच लावले तर ते लूअरचे नाक खाली ओढते. आपल्या वर्णनावरून मी ०.४० मिमीच्या आसपासचा, जरा कडक जातीचा साधा नायलॉन तंगूस लीडर म्हणून सुचवीन. आपल्याकडे जुन्या रिळावर तो असेलच, फक्त उन्हात वर्षानुवर्षे पडलेला घेऊ नये.

पाणकावळा

वरील प्रतिसादाशी कातळाच्या पाण्यापुरता मी सहमत आहे, परंतु प्रश्नकर्त्यांनी मरळीचाही उल्लेख केला आहे आणि तेथे माझे मत त्यांच्या ज्येष्ठ मित्राच्या बाजूचे आहे. मरळ आपण कोठे धरतो? जलपर्णीच्या कडेला, पाणगवतात, पाणकणसांच्या बुडाशी. तेथे रबरी बेडूक वनस्पतींच्या वरून ओढत आणायचा असतो, आणि मरळीने तो तोंडात घेतला की पहिल्या दोन-तीन क्षणांत तिला वर खेचले नाही तर ती मुळांच्या गुंत्यात शिरते. अशा वेळी बारीक, ताठ ओढलेली ब्रेड पाणवनस्पतींचे मऊ देठ कापत जाते. जाड तंगूस ते कापत नाही, त्यांच्यावर चढतो, आणि जोडाच्या गाठीवर शेवाळाचा व पानांचा गोळा जमतो. म्हणून मी मरळीसाठी ४० ते ५० पौंडी ब्रेड पालोमार गाठीने बेडकाला थेट बांधतो. मधे लीडर नाही, स्विव्हल (फिरती कडी) नाही, स्नॅपही (उघडमिटीची कडी) नाही.

दोरी दिसण्याचा प्रश्न येथे मुळातच उद्भवत नाही. मरळ खालून पाहते, तिला पानांच्या फटीतून हलणारी एक सावली दिसते आणि ती झेप घेते. पिल्ले सांभाळणारी मरळ तर भुकेसाठी नव्हे, पिल्लांच्या रक्षणासाठी चावते. तिला धरूच नये असे मला वाटते, पण तो स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. तरीही ज्यांना भडक पिवळ्या-हिरव्या ब्रेडबद्दल शंका येते त्यांनी शेवटचे दोन-तीन हात काळ्या पक्क्या शाईच्या मार्करने रंगवावेत. रंग काही फेकींनंतर फिका होतो, पुन्हा लावावा.

पीठगोळा

लूअरवाल्यांच्या चर्चेत आम्हा बसून मासे धरणाऱ्यांचेही एक म्हणणे नोंदवतो. रोहू, मृगळ, सायप्रिनस यांच्यासाठी पिठाचा गोळा लावून तळाशी गळ टाकताना मुख्य दोरी ब्रेडची असेल, तर लीडरचे काम कातळापेक्षाही धक्का सोसण्याचे असते. तंगूस तुटण्यापूर्वी त्याच्या लांबीच्या २० ते ३० टक्के ताणला जातो, तर ब्रेड जेमतेम तीन-चार टक्के. त्यामुळे माशाचा प्रत्येक हिसका थेट गळाच्या पकडीवर येतो, आणि या माशांचे ओठ मऊ असल्याने गळ फाटून निघतो. चार-पाच मीटर नायलॉन पुढे ठेवले तर तो हिसका बराच मवाळ होतो. फ्लुरोकार्बन या कामी उपयोगाचे नाही, कारण ते कडक असते आणि बेताच्या भाराला नायलॉनइतक्या सहज ताणले जात नाही. अर्थात ज्यांना एवढा उपद्व्याप नको त्यांनी अशा मासेमारीला सरळ तंगूसच वापरावा, हे माझे प्रामाणिक मत आहे.

सरळगाठ

गाठीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ब्रेड गुळगुळीत असते, आणि तंगुसासाठी शिकलेल्या नेहमीच्या गाठी तिच्यात सरकतात. घाटावर उभ्या-उभ्या, वाऱ्यात बांधायची झाल्यास दुहेरी युनी गाठ पुरेशी आहे. दोन्ही दोऱ्यांची टोके समोरासमोर ठेवून प्रत्येकीची युनी गाठ दुसरीभोवती बांधायची. तंगुसाच्या बाजूने चार-पाच वेढे पुरतात, ब्रेडच्या बाजूने मात्र सात-आठ द्यावेत. मग थुंकीने किंवा पाण्याने ओले करून दोन्ही गाठी सावकाश एकमेकींकडे ओढाव्यात. ओले करण्याचे कारण असे की कोरडी दोरी आवळताना घर्षणाने तापते, आणि पॉलिएथिलीनचे तंतू जेमतेम १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारे असल्याने उष्णतेला फार नाजूक आहेत. तंगुसालाही या उष्णतेने इजा होतेच.

या गाठीचा दोष म्हणजे तिच्यात तंगूस दुमडला जातो आणि ती जाड होते. आपल्या रॉडच्या टोकाच्या कड्या बारीक असतील तर ती तेथे ठोकरते. यावर पहिला उपाय अगदी सोपा आहे. लीडर इतकाच लांब ठेवावा की फेकताना गाठ रॉडच्या टोकाबाहेर राहील, म्हणजे साधारण दोन फूट. परंतु आपली दोरी लूअरपासून हात-दीड हातावर तुटते, म्हणजे घासणीचा पट्टा गाठीच्याच आसपास येणार. आपल्याला चार ते पाच फूट लीडर लागेल आणि गाठ कड्यांतून जावी लागेल. त्यासाठी एफजी गाठ शिकावी, असा माझा आग्रह आहे.

एफजीत लीडर कोठेही दुमडत नाही. तो सरळ राहतो आणि ब्रेड त्याच्याभोवती विणली जाते. मी ब्रेडचे टोक दातांत धरतो, रिळाकडची बाजू रॉडला ताणून ठेवतो आणि त्या ताठ ब्रेडवर लीडर आडवा धरून तो एकदा वरून आणि एकदा खालून असा आळीपाळीने गुंडाळत जातो. लीडरवर ब्रेडच्या फुल्या पडताना दिसतात. असे १८ ते २० वेढे झाले की ते बोटांनी जवळ सरकवून चिमटीत धरावेत. चिमूट सैल झाली की सगळे उलगडते. मग ब्रेडच्या टोकाने लीडर आणि मुख्य ब्रेड या दोहोंभोवती दोन अर्धगाठी मारून गाठ ओली करावी, आणि मुख्य ब्रेड व लीडर विरुद्ध दिशांना पूर्ण जोराने ओढावेत. या क्षणी नीट पाहावे. वेढे लीडरमध्ये रुतले की ब्रेडचा रंग एकदम गडद होतो. तो झाला नाही तर गाठ बसलेली नाही, ती पुन्हा बांधावी. रंग बदलल्यावर लीडरचे उरलेले टोक अगदी लगत कापावे, नंतर नुसत्या मुख्य ब्रेडवर आणखी चार-पाच अर्धगाठी एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने अशा माराव्यात आणि ब्रेडचे शेपूट कापून टाकावे. ताण जितका वाढेल तितकी विणीची पकड घट्ट होते, हे या गाठीचे मर्म आहे. ओढताना ब्रेड हातावर गुंडाळू नये, ती कातडीत शिरते. कापड किंवा लाकडाचा तुकडा घ्यावा. पाण्यावर जाण्यापूर्वी घरीच दिव्याखाली चार गाठी बांधून पाहाव्यात, वाऱ्यात पहिलीच बांधायला घेतली तर चिडचिड ठरलेली.

नीराकाठ

सर्वांचे आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले. कातळावर लीडर आणि मरळीच्या पाणगवतात थेट ब्रेड, हे पटले. दोन शंका उरतात. शिवड्याचे तोंड दातांनी भरलेले असते, मग दुकानदारांचा तारेचा सल्ला त्याच्यापुरता योग्य नाही का? आणि लीडर ब्रेडपेक्षा ताकदीने जास्त असावा की कमी? ०.४५ मिमीचा तंगूस लावल्यास गळ अडकल्यावर ओढताना सगळीच ब्रेड वरून तुटेल, अशी धास्ती वाटते.

उजनीकर

तारेबद्दल आधी. शिवड्याच्या जबड्यांवर बारीक दातांचे रुंद पट्टे असतात. ते दोरी एका फटक्यात कापत नाहीत, घासतात, आणि घासण्याला ०.५० मिमीचा तंगूस पुरून उरतो. शिंगाळ्याच्या बाबतीत दातांपेक्षा छातीच्या परांचे दातेरी काटे लक्षात ठेवावेत, कारण मासा गिरकी घेतो तेव्हा दोरी त्यांच्यावर येते. तेथेही जाड तंगूसच कामाला येतो. महाशीराच्या जबड्यात दातच नसतात, ते घशात असतात. तार हवी ती बॅराकुडासारख्या समुद्रातल्या माशांना. गोड्या पाण्यात ती लूअरची चाल बिघडवते आणि एकदा पीळ पडून वाकली की त्याच जागी तुटते. दुकानदार वाईट हेतूने सांगत असतील असे नाही, बहुधा त्यांचे बहुतेक गिऱ्हाईक खाडीत जाणारे असावे.

लीडरच्या ताकदीबद्दल मात्र मी ठाम आहे. तो ब्रेडच्या तुटण्याच्या ताणापेक्षा थोडा कमी असलाच पाहिजे, निदान जेथे गळ अडकतो तेथे तरी. आमच्याकडे उजनीच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळींचे खुंट आहेत, गावांच्या दगडी भिंती आहेत, आणि गळ अडकणे हा रोजचा प्रकार आहे. दुबळा दुवा गळाजवळ असेल तर हात-दोन हात तंगूस आणि एक लूअर जातो. तो वर रिळाकडे असेल तर पंचवीस-तीस मीटर ब्रेड पाण्यात राहते. ती कुजत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की तीच खुंटांवर लोंबताना दिसते, आणि येथे हिवाळ्यात रोहित, बदके, बगळे यांची गर्दी असते, त्यांच्या पायांत ती गुरफटते. लांब ब्रेड ओढत फिरणारा मासा तर खुंटात अडकून मरतोच. पुण्याच्या मुळा-मुठेतून निसर्गअभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये ज्याची शास्त्रीय नोंद केली, त्या दख्खनी महाशीराचे बीज लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात तयार करून अनेक वर्षे धरणांत सोडले जात आहे. तो मासा गळाला लागून दोरी तुटलीच, तर त्याच्या तोंडात गळाशिवाय वीतभरच दोरी राहावी, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

काळाकातळ

उजनीकरांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो, नाहीतर जाडीच्या आणि ताकदीच्या सल्ल्यात विसंगती वाटेल. ब्रेडच्या डबीवरचा आकडा आणि तिचा प्रत्यक्ष तुटण्याचा ताण यांत बराच फरक असतो. पुष्कळ नामांकित ब्रेड छापलेल्या आकड्याच्या वर तुटतात, आणि स्वस्त ब्रेड जाडी चोरून सांगतात. ब्रेडच्या जाडीच्या जपानी मापात पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी आणि पीई २ म्हणजे ०.२३५ मिमी ठरलेले आहे, त्यामुळे पौंडांपेक्षा पीई क्रमांक पाहिला तर तुलना करणे सोपे जाते. उलट तंगूस गळाला बांधला की गाठीपाशी त्याची ताकद घटते. परिणामी चांगल्या २० पौंडी ब्रेडपुढे २० पौंड छापलेला तंगूस लावला आणि जोड एफजीने पक्का केला, तर बहुतेक वेळा तुटणारी जागा गळाची गाठच असते. जाडी घासणीसाठी मिळते आणि दुबळा दुवाही योग्य ठिकाणी राहतो. ०.५० मिमीचा लीडर लावायचा असेल तर ब्रेडही ३० पौंडी करावी. मात्र रिळाचा ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला रीळ दोरी सोडू लागते तो ताण, सर्वांत अशक्त दुव्याच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवरच ठेवावा. आपल्या सामानावर तो सुमारे सव्वादोन ते अडीच किलो येईल. स्प्रिंगचा वजनकाटा गळाला अडकवून रॉडसकट ओढला की आकडा कळतो.

पाणकावळा

मरळीच्या बेडकाखेरीज इतरत्र मीही लीडर लावतो, हे सांगायचे राहिले. तिहेरी गळांचा लूअर फेकल्यावर ब्रेड लुळी असल्याने गळांभोवती लपेटते आणि लूअर उलटा ओढला जातो. पुढे दोन-तीन फूट कडक तंगूस असला की हा त्रास थांबतो. केवळ यासाठीसुद्धा कातळ नसलेल्या पाण्यात मी तो काढत नाही.

सरळगाठ

नीराकाठ, शेवटची एक व्यावहारिक गोष्ट. दर मासा धरल्यानंतर, आणि दगडात अडकून सुटल्यावर तर नक्कीच, गळापासून वर हातभर लीडर नखाच्या कडेवरून ओढून पाहावा. खरखर लागली तर तेवढा भाग कापून गळ पुन्हा बांधावा. म्हणूनच सुरुवातीला पाच फूट ठेवायला सांगितले. दोन फुटांच्या खाली आला की पूर्ण लीडर बदलावा आणि ब्रेडचेही शेवटचे दोन-तीन हात त्याच वेळी कापून टाकावेत, कारण कातळ तिथपर्यंतही पोहोचलेला असतो. कापलेले तुकडे खिशातल्या डबीत घालून घरी न्यावेत.